कोंडवाड्यापासून ट्रॉलीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

हत्ती दोन रुपये. उंट किंवा म्हैस आठ आणे. घोडा, खेचर, बैल, गाय चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे. शेळी-मेंढी एक आणा.

श्रोतेहो, हे कुठल्या बाजारातले भाव नाहीत. हे दंडाचे दर आहेत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाबद्दलचा कायदा केला. त्या वर्षातला तो पहिलाच कायदा. आपल्याकडे तो 'कोंडवाड्याचा कायदा' म्हणूनच ओळखला गेला. मोकाट सुटलेले जनावर कोंडवाड्यात गेले की मालकाने किती पैसे भरून ते सोडवायचे, याचा तक्ता या कायद्यातच दिलेला होता आणि तो कोंडवाड्यापाशी सर्वांना दिसेल असा लावण्याचा हुकूम होता. शिवाय जनावराच्या चारापाण्याचा खर्च वेगळा.

आज कोंडवाडा म्हटले की तरुण मंडळींना काही बोध होत नाही. गावाच्या कडेला एखादी पडकी दगडी भिंत असते, तिच्या आत बाभळी माजलेल्या असतात, आणि जुने लोक म्हणतात, हा कोंडवाडा होता. पण ज्या प्रश्नासाठी तो बांधला, तो प्रश्न काही पडका झालेला नाही. सार्वजनिक जागेत कोणीतरी सोडून दिलेली वस्तू दिसली तर तिचे काय करायचे? ती उचलायची कोणी, ठेवायची कुठे, किती दिवस, आणि खर्च कोणाच्या माथी मारायचा? अमेरिकेतली आणि युरोपातली शहरे हाच प्रश्न आज सुपरबाजारातल्या ढकलगाड्यांच्या, म्हणजे ट्रॉल्यांच्या बाबतीत सोडवत बसली आहेत. आपल्याकडे तो गुरांच्या, हातगाड्यांच्या आणि गंजक्या मोटारींच्या रूपाने समोर येतो. या सगळ्यांची वंशावळ एकच आहे, आणि ती कोंडवाड्यापासून सुरू होते.

हे सारे समजून घ्यायला भिंगारसारखे ठिकाण सोयीचे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसण्याच्या आधीपासून भिंगार आहे. १४९० साली मलिक अहमदने बहामनी सरदार जहांगीरखानाचा पराभव केला तो याच भिंगारच्या परिसरात, आणि मग या रणभूमीजवळ सीनेच्या काठी त्याने आपली राजधानी वसवली. ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने नगरची पेठ आणि किल्ला घेतला. त्याच्या फौजेच्या तोफा बैल ओढत होते आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येत होते. १८१७ च्या तहाने किल्ला इंग्रजांकडे कायमचा गेला, आणि पुढे भिंगारभोवती लष्कराची छावणी वाढली.

छावणी आली म्हणजे हद्द आली. नगर शहराची नगरपालिका १८५४ पासूनची, तिची २००३ साली महानगरपालिका झाली. भिंगारचा कारभार कित्येक पिढ्या छावणी मंडळाकडे, त्याचे कायदे वेगळे, आधी १९२४ चा आणि मग २००६ चा. आणि भिंगारला खेटूनच नागरदेवळ्यासारखे गाव, तिथे ग्रामपंचायत. आता एखादी गाय सकाळी नागरदेवळ्यातून सुटली, पाथर्डी रस्त्याने भिंगारच्या बाजारात भाजीच्या पाट्यांना तोंड लावून पुढे नगरच्या बाजूला गेली, तर तासाभरात ती तीन राज्ये ओलांडते. गाईला हद्द दिसत नाही. तक्रार करणाऱ्याला मात्र तिन्ही ठिकाणी सांगता येते, की हे आमच्याकडे येत नाही.

ही अडचण जुन्या कायदा करणाऱ्यांना ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी जनावर कोणाचे यापेक्षा ते सापडले कुठे, यावर सगळी रचना उभी केली. ती रचना नीट पाहण्यासारखी आहे.

एखाद्याच्या शेतात परके जनावर शिरून पिकाची नासाडी करू लागले तर शेतकऱ्याने ते धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. रस्ते, कालवे, बांध, सरकारी झाडी यांचे नुकसान करणारी जनावरे पोलिसांनीही धरावीत. कोंडवाड्याच्या रखवालदाराने नोंदवहीत लिहावे, जनावरे किती, वर्णन काय, कोणी आणली, कधी आणली. मालक कळला असेल तर त्याचे नाव. आणि आणणाऱ्याला त्या नोंदीची नक्कल द्यावी. जनावर जितके दिवस आत असेल तितके दिवस त्याला चारा-पाणी घालण्याची जबाबदारी रखवालदाराची.

सात दिवस कोणी आले नाही तर पोलिसांना कळवायचे. मग नोटीस लागायची आणि दवंडी पिटायची. जिथे जनावर धरले त्या गावात आणि जवळच्या बाजाराच्या ठिकाणी. दवंडीनंतर आणखी सात दिवस वाट पाहायची. तरीही कोणी आले नाही तर जाहीर लिलाव. लिलावात आलेल्या पैशातून दंड आणि खुराकी वजा करून उरलेली रक्कम तीन महिने अनामत ठेवायची. मालक उशिरा का होईना उगवला, तर ती त्याची.

यात दोन कलमे अशी आहेत, की ती वाचताना कायदा लिहिणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला माहीत होता असे वाटते. एक, कोंडवाड्याचा रखवालदार किंवा या कामातला कोणताही अधिकारी लिलावात बोली लावू शकत नाही. स्वतःच्या नावाने नाही आणि दुसऱ्याच्या आडूनही नाही. दोन, जनावर विनाकारण धरले असे मालकाला वाटले तर त्याने दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी. फिर्याद खरी ठरली तर धरणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळे, आणि भरलेला दंड व खर्चही परत. ज्या काळात बैल सोडवायला चार आणे लागत, त्या काळातले हे शंभर रुपये.

थोडक्यात, या कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली होती. रस्त्यात मोकळे दिसते म्हणून ते बेवारस नसते. 'बेवारस' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्याचा अर्थ ज्याला वारस नाही ते. मोकाट वेगळे आणि बेवारस वेगळे. मोकाट वस्तूला मालक असतो, तो फक्त त्या क्षणी जवळ नसतो. मोकाट वस्तू बेवारस ठरायला मधे नोंद, दवंडी आणि मुदत या पायऱ्या लागतात.

याच मुद्द्यावर एक मजेदार प्रश्न न्यायालयांपुढे आला होता. आपल्याकडे देवाच्या नावाने किंवा श्राद्धाच्या वेळी वळू सोडण्याची चाल. हा वळू गावभर फिरतो, कोणाच्याही शेतात चरतो, त्याला कोणी हाकलत नाही. असा वळू कोणी पळवला तर ती चोरी होते का? १८८६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आणि १८९० साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे अशी प्रकरणे आली. सोडणाऱ्याने त्याच्यावरचा हक्क पूर्णपणे टाकून दिला आहे, तेव्हा तो कोणाच्याच मालकीचा नाही, आणि जे कोणाचेच नाही त्याची चोरी होत नाही, असा निर्वाळा या न्यायालयांनी दिला. म्हणजे कायद्याच्या भाषेत खरा बेवारस कोण, तर ज्याला सगळे गाव आपला मानते तो! २००८ साली आलेला उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. गावाने सोडलेल्या वळूला पकडायला फॉरेस्टचा माणूस येतो, त्याची ती गोष्ट.

पण श्रोतेहो, कोंडवाड्याचे एवढे गुणगान केल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कागदावर नीट दिसणारा हा कायदा जमिनीवर गरिबाच्या बोकांडी बसला. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत जो मोठा दुष्काळ पडला, त्यात नगर जिल्हा होरपळला. चारा नाही, पाणी नाही. अशा वेळी शेतकरी जनावराचे दावे सोडतो, ते आळसाने नाही. दावणीला बांधून डोळ्यांदेखत मारण्यापेक्षा, कुठे चार काड्या मिळाल्या तर जगेल, एवढीच त्यात आशा असते. नेमका याच सुमारास, १८७८ साली, वनांचा कायदा आला. राखीव जंगलात शिरलेले जनावर हे सार्वजनिक झाडीचे नुकसान करणारे जनावर समजावे आणि त्याला कोंडवाड्याचा कायदा लावावा, अशी तरतूद त्यात झाली. पुढे १९२७ च्या वन कायद्याने तर जंगलासाठी दंडाचे दर वाढवायची मुभा दिली. बैलाला एक रुपयापर्यंत आणि म्हशीला दोन रुपयांपर्यंत.

म्हणजे काल जे गायरान होते, तिथे आज गाय चोर ठरली. जनावर तेच, वाट तीच, फक्त हद्द बदलली. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिला. त्यात जंगल खात्याने गायराने गिळल्याबद्दल आणि गरिबाच्या शेळ्या-गुरांना चरायला जागा न उरल्याबद्दल जो संताप आहे, तो या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. दंड चार आण्यांचा असला तरी ज्याच्याकडे चार आणे नाहीत त्याच्यासाठी तो बैलाच्या किमतीएवढाच. दंड भरता आला नाही की लिलाव, आणि लिलाव झाला की पुढच्या पेरणीला औत कोण ओढणार?

कोंडवाडा हा शब्द मराठी मनात रुतला तो त्याच्या कलमांमुळे नाही, या कोंडीमुळे. नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले. माणसांनाच ज्या व्यवस्थेने गुरांसारखे कोंडून ठेवले तिच्यासाठी त्यांना याहून नेमका शब्द सापडला नसता.

आपल्या भाषेत या कोंडवाड्याला एक उत्तरही आहे, आणि ते भिंगारकरांच्या फार ओळखीचे आहे. छावणी! लष्कराचीही छावणी आणि दुष्काळात जनावरांचीही छावणी. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. माळावर रांगेने दावणी, उसाचे वाढे, पाण्याच्या टाक्या, आणि जनावरांच्या शेजारीच पथाऱ्या टाकून राहिलेली कुटुंबे. कोंडवाड्यातही जनावर एका जागी आणून खाऊ घालतात आणि छावणीतही. फरक एवढाच की कोंडवाड्यात मालक दोषी धरला जातो, छावणीत अडचणीत सापडलेला. सुटलेल्या वस्तूकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत. त्या लक्षात ठेवून आता जरा दूर जाऊ.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाचा एक दुकानदार होता. त्याची किराणा मालाची दुकाने होती. गिऱ्हाईक हातात टोपली घेऊन फिरते, टोपली जड झाली की खरेदी थांबते, हे त्याच्या ध्यानात आले. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली आणि १९३७ साली त्याने चाकांवरची, दोन टोपल्यांची ढकलगाडी दुकानात आणली. सुरुवातीला ती कोणी हातात धरेना. पुरुषांना त्यात कमीपणा वाटे आणि बायका म्हणत, बाबागाड्या ढकलून कंटाळलो, आता ही कशाला? शेवटी गोल्डमनने माणसे पगारावर ठेवली, आणि ती गिऱ्हाइकांसारखी गाड्या ढकलत दुकानात फिरू लागली. मग हळूहळू लोकांनी ती गाडी स्वीकारली. १९४६ साली ऑर्ला वॉटसन याने अशी गाडी केली, की तिची मागची बाजू वर उचलली जाते आणि एकीत दुसरी सरकते. आज आपण मॉलमध्ये पाहतो त्या ट्रॉल्यांच्या रांगा त्याच्या डोक्यातून निघालेल्या.

आता ट्रॉली दुकानातून बाहेर कशी पडते? ज्याच्याकडे मोटार आहे तो सामान डिकीत टाकतो आणि ट्रॉली वाहनतळावर सोडून जातो. ज्याच्याकडे मोटार नाही, म्हणजे म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, विद्यार्थी, ती ट्रॉली ढकलत थेट घरापर्यंत नेतात. परत आणायला कोण जातो? मग ती फुटपाथवर, बसथांब्यावर, बागेत राहते. इंग्लंडात तर ती कालव्यात सापडते. आणि ज्यांना घरच नाही, अशी माणसे आपला सगळा संसार तिच्यात घालून हिंडतात.

यावर शहरांनी काय केले? गंमत अशी, की त्यांनी पुन्हा कोंडवाडाच बांधला. इंग्लंडच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात सोडून दिलेल्या ट्रॉल्यांवर एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. जी स्थानिक संस्था ते लागू करील तिने ट्रॉली उचलावी, मालक असावा असे वाटणाऱ्या दुकानाला चौदा दिवसांच्या आत कळवावे, ट्रॉली सहा आठवडे सांभाळावी आणि खर्च घेऊन परत करावी. कोणी नेली नाही तर विकावी किंवा विल्हेवाट लावावी. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो, ट्रॉलीवर दुकानाचे नाव-पत्ता हवा. शहराने कळवल्यावर दुकानाला ती न्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा असे घडले तर पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास डॉलरपर्यंत दंड. तीस दिवस पडून राहिली तर विक्री. नोंद, कळवणे, मुदत, दंड, विक्री. आपल्या १८७१ च्या पायऱ्या जशाच्या तशा!

याहून बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२१ साली सार्वजनिक जागेतल्या बेवारस मालमत्तेचा नवा कायदा केला. त्यात तीन वर्ग आहेत. पहिल्यात ट्रॉल्या, भाड्याच्या सायकली आणि इतर सामान. दुसऱ्यात जनावरे. तिसऱ्यात वाहने. एकविसाव्या शतकातल्या कायद्याने सुपरबाजाराची ट्रॉली आणि गाय एकाच छपराखाली आणून उभी केली. आमच्या कोंडवाड्याच्या रखवालदाराने हे पाहिले असते तर त्याला काहीच नवल वाटले नसते. त्याने नोंदवहीत एक रकाना वाढवला असता, इतकेच.

दुसरा उपाय युरोपात, विशेषतः जर्मनीत रुळला. ट्रॉलीच्या मुठीत एक नाणे घातल्याशिवाय ती साखळीतून सुटत नाही, आणि परत लावली की नाणे मिळते. आपल्याला ही युक्ती नवी नाही. सोड्याच्या आणि दुधाच्या काचेच्या बाटल्यांवर आपण अनामत भरत होतोच. बाटली परत दिली की पैसे परत. यातली खुबी अशी, की कोणी ट्रॉली टाकून गेला तरी दुसरा कोणीतरी, बहुधा एखादे पोर, त्या नाण्यासाठी ती जागेवर नेऊन लावते. दंडाला शिपाई लागतो, अनामतीला लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. नगर जिल्ह्यात 'ट्रॉली' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ट्रॅक्टरमागची उसाची. दुकानातली ट्रॉली आपल्याकडे उशिरा आली. मुंबईत पवईला डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली उघडले आणि त्यानंतर अशी दुकाने जिल्ह्याच्या गावांत पोचली. तरीही आपल्या रस्त्यांवर ट्रॉल्या विखुरलेल्या दिसत नाहीत. दारावर रखवालदार असतो, दोन पावलांवर रिक्षा असते, आणि आपले फुटपाथ असे, की त्यांवरून ट्रॉली ढकलत न्यायला पैलवानच हवा.

आपल्या रस्त्यावरची चाकांची गाडी म्हणजे हातगाडी. केळी, भाजी, भेळ, इस्त्री. रात्री ती खांबाला साखळीने बांधून मालक घरी जातो. ही गाडी सोडून दिलेली असते का? मुळीच नाही. पण महापालिकेच्या गाडीला ती तशी दिसू शकते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात आणि इतर महापालिकांच्या १९४९ च्या कायद्यात अशी कलमे आहेत, की रस्त्यावर नियमाविरुद्ध ठेवलेली किंवा विकायला मांडलेली वस्तू आयुक्तांना नोटिशीशिवाय उचलता येते. इथे जरा थांबून तुलना करा. १८७१ चा कायदा शेळीचा मालक शोधायला सात दिवस वाट पाहतो, मग दवंडी पिटतो, मग पुन्हा सात दिवस थांबतो. आणि माणसाच्या पोटापाण्याची गाडी मात्र बिननोटिशीची उचलता येते.

हे असंतुलन दूर व्हायला फार काळ लागला. १९८९ साली सोदान सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की रस्त्यावर माल विकणे हाही घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतील. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, फेरीवाल्यांचा कायदा झाला. त्यात आता लिहिले आहे, की माल जप्त केला तर त्याची यादी करून फेरीवाल्याला द्यावी. त्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल कामकाजाच्या दोन दिवसांत, ठरलेली फी घेऊन, परत करावा. म्हणजे रखवालदाराच्या नोंदवहीची नक्कल जवळजवळ दीडशे वर्षांनी हातगाडीवाल्याच्या हातात आली. ती प्रत्यक्षात मिळते का, हे मात्र प्रत्येक गावाने आपापल्या बाजारात जाऊन पाहायचे आहे.

मोटारींची कथा याच्या उलट. तिथे अडचण आहे ती उचललेली वस्तू वर्षानुवर्षे पडून राहण्याची. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजलेल्या दुचाकींचे ढीग कोणी पाहिले नाहीत? २००२ साली सुंदरभाई देसाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जप्त वाहने ठाण्यात सडत ठेवू नका. पंचनामा करा, छायाचित्रे काढा, जामीन घेऊन मालकाला द्या, मालक येत नसेल तर लिलाव करा. कोंडवाड्यातले जनावर हंबरते, म्हणून त्याला चारा घालावा लागतो आणि लवकर मोकळे करावे लागते. गाडी हंबरत नाही. म्हणून ती दहा पावसाळे तिथेच उभी राहते आणि मग ती ना मालकाच्या कामाची, ना लिलावाच्या.

सोडून दिलेल्या गाड्यांचा एक मानाचा कोंडवाडाही नगरच्या या छावणी परिसरात आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ मध्ये इथे आले आणि १९९४ साली त्याचे रणगाडा संग्रहालय उघडले. तिथल्या रणगाड्यांत अमेरिकी बनावटीचा पॅटनही आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ असल उत्तर इथे आपल्या जवानांनी उसाच्या शेतांत पाणी सोडून पॅटन रुतवले, आणि त्यांतले कित्येक शत्रूने जागेवर टाकून पळ काढला. त्या मालकांनी दंड भरून ते सोडवून नेले नाहीत, एवढे खरे!

राहता राहिली गाय. तिच्या बाबतीत मात्र जुनी साखळी शेवटच्या कडीशी तुटली आहे. ट्रॅक्टर आला तसे बैलाचे काम गेले. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी २०१५ पासून बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, त्यात आपण जाणार नाही. पण हिशेब सरळ आहे. भाकड जनावराला लिलावात बोली लागली नाही तर कोंडवाडा रिकामा होत नाही, आणि तो रिकामा झाला नाही तर रस्त्यावरचे जनावर आत घ्यायला जागा राहत नाही. मग ते रस्त्यावरच बसते. रात्री दुचाकीवाला त्यावर आदळतो. जातो तो माणूस, नाहीतर जनावर, पुष्कळदा दोघेही. आज जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ले असतात. मालक शोधणे एवढे सोपे कधीच नव्हते. तरी ते बिल्ले वाचून घरी निरोप पाठवणारा माणूस कोणाच्या पगारपत्रकावर असावा, छावणीच्या, महापालिकेच्या की ग्रामपंचायतीच्या, हा जुना प्रश्न जिथल्या तिथे आहे.

मग या सगळ्या इतिहासातून घ्यायचे काय? चार साध्या गोष्टी. उचलले ते लिहून ठेवायचे आणि त्याची नक्कल द्यायची. मालकाला कळवायचे आणि मुदत द्यायची. जवळ आहे तोवर नीट सांभाळायचे, मग ती गाय असो, गाडी असो की केळी. आणि उचलणाऱ्याला त्यात स्वतःचा फायदा ठेवायचा नाही. हे चारही नियम १८७१ च्या कायद्यात होते. त्यात नव्हती ती पाचवी गोष्ट, आणि ती आपल्याला दुष्काळातल्या छावणीने शिकवली. सोडणाऱ्याने का सोडले, हे आधी विचारायचे. मोटार असूनही ट्रॉली वाहनतळावर लोटून देणारा आणि मोटार नाही म्हणून ती घरापर्यंत नेणारी म्हातारी, धारा काढून गाय रस्त्यावर सोडणारा गोठेवाला आणि चारा संपला म्हणून दावे सोडणारा शेतकरी, यांना एकाच दराने दंड लावणे सोपे आहे. न्यायाचे नाही.

कोंडवाड्याच्या तक्त्यावर हत्ती, उंट, म्हैस, शेळी अशी बारकाईने प्रतवारी केलेली होती. जनावराच्या आकाराप्रमाणे दंड. मालकाच्या ऐपतीचा रकाना मात्र त्या तक्त्यावर नव्हता. पुढच्या वेळी आपल्या गावात रस्ते मोकळे करायची मोहीम निघेल, तेव्हा तो रकाना कोणी भरला आहे का, एवढे तरी आपण नागरिक म्हणून विचारू शकतो.